धोंडुमावशीचं सोयर

धोंडुमावशीला कुणी काही करायला सांगितलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोण म्हणतंय?" म्हणणारा समोर उभा असला तरी प्रश्न हाच. महापालिकेचा माणूस गोठ्यातल्या शेणाची तक्रार घेऊन आला, त्याला विचारलं. देवळातला गुरव नवा उपास सांगायला आला, त्यालाही विचारलं. मी तिच्या समोरच्या घरात राहते. शाळेत शिकवते, त्यामुळे वर्गभर पोरांचा गोंगाट माझ्या एका आवाजाखाली दाबून ठेवायची मला सवय आहे. पण मावशीपुढे माझा आवाज कधी चालला नाही, हे आधीच सांगून टाकते.

ती मूळची कबनूरची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढली. त्या गावात मनातलं बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं, म्हणून माझा गळा असा, हे ती स्वतःच सांगायची. लग्न होऊन आमच्या मंगळवार पेठेत आली. मुलगा गणपत शाळेत जायच्या आधीच नवरा गेला. दिरांनी तिला न विचारता म्हशींना गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. मावशीनं त्या गिऱ्हाइकाला दारातूनच वाटेला लावलं आणि त्याच संध्याकाळी म्हशी घेऊन स्वतः दूधकट्ट्यावर जाऊन उभी राहिली. आमच्याकडे संध्याकाळी म्हशी चौकात आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. तालमीतली पोरं, दुकानदार, रिक्षावाले सगळे तिथंच उभ्या उभ्या पितात. आमच्या कट्ट्यावर तोवर बाई कुणी उभी राहिली नव्हती. पहिले काही दिवस गिऱ्हाईक लाजलं. दूध दाट आहे हे कळल्यावर लाज गेली.

आमच्या कोल्हापुरात बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. बाहेरगावच्या सुना नव्यानं आल्या की तोंडावर पदर धरून हसतात, आणि वर्षभरात त्याही "मी जेवलो" म्हणायला लागतात. मावशीच्या तोंडी तर ते फारच शोभायचं.

गणपतराव मात्र आईच्या अगदी उलट निघाला. कापडाच्या दुकानात तागे उलगडून दाखवायची नोकरी. दिवसभर गिऱ्हाइकाच्या कलानं घेऊन घेऊन त्या माणसाला स्वतःचा असा रंगच उरला नव्हता. वाईट नाही, भित्रा. लोक काय म्हणतील ते लोकांनी म्हणायच्या आधीच त्याला ऐकू यायचं. त्याची बायको लवकर गेली आणि मुलगी संयोगिता आजीच्या हाताखाली वाढली. पोर हुशार. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला तेव्हा गणपतरावाला घाम फुटला. एवढ्या लांब, एकटी पोर, होस्टेलात. मावशीनं वाद घातला नाही, ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. त्या घरातून आवाज येईना म्हटल्यावर गल्लीला वाटलं कुणीतरी अंथरुणाला खिळलं. शेवटी गणपतरावच बाजारातून पोरीसाठी बॅग घेऊन आला.

दोन हजार नऊचा ऑगस्ट उजाडला तेव्हा संयोगिता दुसऱ्या वर्षाला होती.

त्या महिन्यात पुण्यात स्वाइन फ्लूनं धुमाकूळ घातला. कॉलेजं बंद झाली, पोरं गावोगावी परतली. आमच्या पेठेत लोक तोंडाला रुमाल बांधून आणि रुमालात कापराची वडी घालून हिंडू लागले. चहाच्या गाड्यावर तोच रुमाल गळ्यात घ्यायचा, सगळ्यांनी खेटून उभं राहून चहा प्यायचा आणि परत तोंडावर चढवायचा, असं ते शास्त्र होतं. आमची शाळाही बंद ठेवली होती, म्हणून मी दिवसभर घरी होते आणि पुढचं सगळं माझ्या खिडकीसमोर घडलं.

संयोगिता एसटीनं आली ती ताप अंगात घेऊनच. रिक्षातून उतरतानाच तिचा तोल जात होता. गणपतरावानं आईला सांगून ठेवलं की पुण्याचं नाव काढायचं नाही, साधा थंडीताप आहे म्हणायचं. मावशीनं संध्याकाळी गल्लीच्या नळावर उभं राहून जाहीर करून टाकलं, की आमची संयू पुण्याहून आलीया, तापानं फणफणलीया, चार दिवस कुणी घराकडं फिरकू नका. लपवायचं कशाला, पोरीनं काय चोरी केली? मला तिचा त्या वेळी अभिमान वाटला. आजही वाटतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून अंजना सिस्टर आल्या. हातकणंगल्याहून रोज गाडीनं येणाऱ्या, सडपातळ, तोंडाला मास्क आणि आवाजात माघार नावाची गोष्ट नाही. त्यांनी संयोगिताच्या घशातला नमुना घेतला, गोळ्या दिल्या आणि ओट्यावर उभं राहून नियम सांगितले. सात दिवस घरातलं कुणी बाहेर जायचं नाही, बाहेरचं कुणी आत यायचं नाही. पोरीची खोली वेगळी, ताटवाटी वेगळी, टॉवेल वेगळा. तिच्याजवळ जाणाऱ्यानं तोंड बांधायचं आणि आल्यावर साबणानं हात धुवायचे.

"कोण म्हणतंय?" मावशीनं विचारलं.

"मी म्हणतो," सिस्टर म्हणाल्या.

त्या प्रश्नाला असं उत्तर आमच्या गल्लीत पहिल्यांदाच मिळालं. मग जी जुंपली ती काही विचारू नका. मावशी म्हणाली, मी उभा जन्म म्हशी पाळतो, मला पाळायला शिकवू नगासा. सिस्टर म्हणाल्या, म्हशी पाळता तसाच नियम पाळा, रोज आणि वेळेवर. मग घर म्हणजे नेमकं कुठपर्यंत यावर वाद झाला. उंबऱ्यापर्यंत की पायरीपर्यंत? परसातला गोठा घरात धरायचा की बाहेर? सिस्टरनी सगळं हिंडून बघितलं आणि निकाल दिला, गोठा घरात, पुढची पायरी बाहेर. मावशी पायरीसाठी हटून बसली, कारण पायरीवर बसल्याशिवाय तिला गल्लीशी बोलताच येत नसे. शेवटी पायरी मिळाली, ती या बोलीवर की मावशीनं तोंड बांधून बसायचं आणि बाकीच्यांनी गटारीच्या पलीकडं थांबून बोलायचं. म्हशी शेजारच्या आकारामनं परसाच्या दारानं कट्ट्यावर न्यायच्या ठरल्या. आकाराम गवळीच, मावशीला आक्का म्हणायचा, स्वभावानं मऊ, पण ऐकलेलं पोटात ठेवणं त्याला जमत नसे.

निघताना मावशी धुसफुसत म्हणाली की हे तर सुतकच झालं. सिस्टर मागं वळल्या. "सुतक मेलेल्याचं असतंय, मावशी. ह्यो नियम जित्या माणसासाठी हाय."

मावशीला ते समजलं. गल्लीला समजलं नाही.

त्यात गल्लीचाही सगळा दोष नाही म्हणा. बंद घराशी कसं वागायचं याची एकच रीत आमच्या लोकांना ठाऊक होती. दार ओढलेलं, घरातलं कुणी देवळाकडं जात नाही, कुणी कुणाला शिवत नाही, म्हणजे घरात कुणीतरी गेलंय. मग सगळे तसेच वागू लागले, अगदी मायेनं. शेजारचा टीव्ही हळू झाला. येणाऱ्याजाणाऱ्या बायका पदर आवरून, अंग चोरून भिंतीकडेनं जाऊ लागल्या. एक म्हातारा दारावरून जाताना आवाज खाली आणून गणपतरावाला विचारून गेला, "कितवा दिवस?" आणि तिसऱ्या दिवशी टोकाच्या घरातली चिमणाबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. ज्या घरात माणूस गेलंय आणि चूल पेटलेली नाही, त्या घरी शेजारणी न्यायच्या तशी, वर फडकं झाकून. तिनं ताट गटारीच्या कडेला ठेवलं, पदर डोळ्यांना लावला आणि चार पावलं मागं जाऊन उभी राहिली.

संयोगिताच्या खोलीची खिडकी गल्लीकडेच होती. तिला सगळं ऐकू जायचं, "कितवा दिवस"सुद्धा. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं आजीला एवढंच विचारलं, की मी मरणार हाय का. हे मावशीनं मला नंतर सांगितलं. सांगताना तिनं पदरानं डोळे पुसले, आणि तिला मी नवऱ्याचं नाव निघालं तरी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मावशी पायरीवर आली. चिमणाबाई अजून तिथंच उभी होती. मावशीनं तोंडाचा कपडा घट्ट बांधला होता, तरी तिचा शब्दन् शब्द अख्ख्या गल्लीनं ऐकला.

"चिमणे, ह्ये ताट उचल. माझी चूल पेटलेली हाय. माझ्या घरात कोण मेलं न्हाय आणि मरणार बी न्हाय. सुतक न्हाय ह्ये, सोयर हाय सोयर. माझ्या पोरीचा नवा जल्म हुतोय. काय आणायचंच असलं तर डिंकाचं लाडू आण."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खिडकीत मी एकटीच होते म्हणून हात आवरले. चिमणाबाईनं ताट उचललं आणि निघून गेली.

त्या शब्दाचं पुढं काय होणार हे मला तेव्हाच समजायला हवं होतं, शब्दच शिकवते मी. घरात मरण झालं की सुतक आणि घरात मूल जन्मलं की सोयर. मावशीला म्हणायचं होतं, आमच्या घराची दारं मरणासाठी नाही, जगण्यासाठी बंद आहेत. पण गल्लीनं शब्दाचा सरळ अर्थ घेतला. सोयर म्हणजे बाळंतपण. आणि मग लोकांना एकाएकी सगळं दिसू लागलं. बिनलग्नाची पोर, पुण्याहून अचानक आलेली, कुणाला भेटू देत नाहीत, सिस्टर रोज येऊन जाते. त्यातून मावशीनं पोरीच्या खोलीत ओव्याची आणि शेपांची धुरी घालायला सुरुवात केली होती. सिस्टर म्हणाल्या होत्या पोरीला सकस खायला घाला, तर मावशी खारीक-डिंकाची खीर करत होती. बंद खोलीतल्या माणसाची सेवा म्हणजे बाळंतिणीची सेवा, दुसरी तिला येत नव्हती. धुरीचा वास गल्लीभर जायचा आणि नाकं काय ते ठरवायची.

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट कट्ट्यावर पोचली होती.

सकाळी नळावर चिमणाबाईनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, की काय ओ बाई, त्यांनी पाचवी पूजली का? माझं डोकंच फिरलं. शाळा बंद होती, पण त्या दिवशी मी नळावर तास घेतला. स्वाइन फ्लू काय, नमुना काय, सात दिवस का, सगळं सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या, घागरी उचलल्या आणि जाता जाता एक जण म्हणाली, बाईंना पण सांभाळून घ्यावंच लागणार, समोरच राहतात. नमुन्याचा अहवाल आला, त्यात तोच ताप निघाला, हेही मावशीनं पायरीवरून ओरडून सांगितलं. त्यावर लोक म्हणाले, दवाखान्यात ओळख असली की काय पाहिजे ते लिहून मिळतं.

त्या दुपारी सिस्टर आल्या तेव्हा मावशीनं त्यांच्यापुढं मन मोकळं केलं. बायका मला बघून पदर आवरतात, ताट लांबून सरकवतात, मी काय केलंय ह्यांचं, असं ती बोलत राहिली. सिस्टर थर्मामीटर झटकत ऐकत होत्या.

"तुमची सात दिवसांची गोष्ट हाय, मावशी," त्या म्हणाल्या. "आमच्या आज्यानं गावकुसाभाईर जल्मभर ह्येच काढलं."

 मावशीनं आतून पाट आणला, स्वतः पदरानं पुसला आणि उंबऱ्याच्या आत मांडला. मग तिला आठवण झाली. "बसा म्हणलं असतं," ती म्हणाली, "पर तुमचाच नियम आडवा येतोय." सिस्टर हसल्या. मास्कमधून हसू दिसत नाही, डोळ्यांवरून कळलं.

कट्ट्यावरची चर्चा गणपतरावाच्या कानावर घातली ती आकारामनं. रिकाम्या किटल्या परसाच्या दाराशी ठेवताना भिंतीवरून त्याला सांगितलं, वर म्हणाला की मी काय म्हणत न्हाय, लोक म्हणत्यात. गणपतरावाच्या जागी दुसरा कुणी असता तर लोकांच्या अंगावर धावून गेला असता. हा घरात गेला आणि त्यानं फोन लावला. हातकणंगल्याचे हंबीरराव, ऊस, ट्रॅक्टर, एकुलता एक मुलगा अमरसिंह. त्यांनी मागं एकदा संयोगितासाठी शब्द टाकला होता. तेव्हा मावशीनं नेहमीचा प्रश्न विचारून त्यांना परत पाठवलं होतं. आता गणपतरावानंच त्यांना बोलावणं केलं. सात दिवस संपले की दुसऱ्याच दिवशी मुलगी बघायला यायचं.

मग तो आईला म्हणाला की पुणं आता बंद, पोर घरी बसेल.

आमची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातला उसासासुद्धा आमच्या चुलीपर्यंत येतो. मी कान देऊन ऐकलं असं समजू नका, पण ऐकलं. मावशी म्हणाली, सिस्टरनं सात दिवस सांगितल्यात. गणपतराव म्हणाला, सिस्टरचे सात असतील, माझे मोजलेले नाहीत. मग तो एक वाक्य बोलला, आणि त्या मुखदुर्बळ माणसाला ते कुठून सुचलं कोण जाणे. "आये, गल्लीत उभं राहून सोयर तूच म्हणालीस न्हवं? आता तूच निस्तर."

  मावशी पायरीवर येऊन बसली, तोंड बांधलेलं, हात मांडीवर; मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. मुलाची भीती तिच्या ओळखीची होती, तिच्याशी ती आयुष्यभर भांडत आली होती. पण या वेळी त्या भीतीच्या हातात तिचाच शब्द सापडला होता. पोरीचं कॉलेज त्या एका शब्दानं जाणार होतं.

मी गटारीच्या अलीकडं उभी राहून तिला म्हटलं, मावशी, एकदा पायरीवरून सांगून टाका की मला तसं म्हणायचं नव्हतं. शब्द मागं घ्या, विषय मिटेल.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी अर्धा पाऊल मागं सरले.

"मागं घिऊ? काय चुकीचं बोललो मी? पोर मरणाच्या दारातनं माघारी आली, ह्यो जल्म न्हवं? त्येंच्या डोक्यात घाण हाय म्हणून माझा शब्द घाण हुतोय व्हय, बाई?"

 तिचं बरोबर होतं आणि माझा सल्ला भेकडपणाचा होता. त्यानंतर ती सगळ्यांना ऐकू जाईल असं दिवसातून दोनदा तरी म्हणायची, संयूच्या सोयराला आज खीर केलीया, संयूच्या सोयराला आज सांजा केलाय. लोक खिडक्या लावून घेत. ती आणखी मोठ्यानं म्हणे.

सहाव्या दिवशी संयोगिताचा ताप पूर्ण उतरला होता. ती अंथरुणात बसून पुस्तक वाचत होती. मैत्रिणीचा फोन आला होता की कॉलेज सुरू होतंय. तिनं बंद दाराआडून बापाला विचारलं, की बाबा, सात दिवस झाले की त्यापुढं किती दिवस? गणपतराव दाराबाहेर उभा होता, त्याला ऐकू गेलं होतं. त्यानं खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि परत खुंटीला लावली.

सातव्या दिवशी सिस्टर शेवटच्या आल्या. ताप बघितला, छाती तपासली, घशात बॅटरी मारली. म्हणाल्या, पोर ठणठणीत आहे, उद्यापासून सगळे मोकळे. त्या पायरी उतरल्या, तेव्हा मावशीनं त्यांना हाक मारून थांबवलं. गल्लीत माणसं होती. आकाराम होता, चिमणाबाई दारात तांदूळ निवडत होती, मी होते.

"सिस्टर, आठव्या दिवसाचा नियम काय?"

"आठव्या दिवसाला नियम न्हाय, मावशी."

"जरा मोठ्यानं सांगा की."

सिस्टरनी मावशीकडं बघितलं, मग गल्लीकडं बघितलं. त्या कुणाच्या घरच्या भानगडीत पडणाऱ्या बाई नव्हत्या. पण गल्लीच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, की सात दिवस घरी थांबायचा नियम होता, तो ह्या घरानं पाळला. उद्या हिनं कुठं जायचं ते हिनं ठरवायचं. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि गाडी गाठायला निघून गेल्या.

सकाळी गणपतराव नवा शर्ट घालून तयार. ओटा धुतला होता, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. पाहुणे कुठल्याही क्षणी येणार होते. संयोगिता बॅग घेऊन खोलीतून बाहेर आली. सात दिवसांनी तिला मी नीट बघितलं. गाल बसले होते, पण केस विंचरून घट्ट वेणी घातली होती. गणपतराव दारात आडवा उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, आत जा, पावणं येतील आता.

मावशी गोठ्यातून आली. हाताला पेंड लागलेली तशीच होती. तिनं पोरीच्या हातातली बॅग घेतली आणि मुलाला म्हणाली, सरक. तो म्हणाला, आये, लोक बघत्यात. खरंच सगळे बघत होते, दारांत, खिडक्यांत, गॅलरीत. मीही.

"बघू देत," मावशी म्हणाली. आणि मग अगदी सावकाश, लहान पोराला समजवावं तशी बोलली. "गणपा, सरकारनं सात दिवस मागितलं, ते आपण दिलं. आठवा दिवस सरकारचा न्हाय, गल्लीचा न्हाय आणि तुझा बी न्हाय. त्यो संयूचा हाय."

त्याला पटलं म्हणून तो सरकला, असं मी म्हणणार नाही. त्याचे डोळे भरून आले होते. तो सरकला एवढं खरं.

परसाच्या दारानं गेल्या असत्या तर मुख्य रस्ता जवळ पडला असता. मावशीनं पोरीला गल्लीच्या मधोमध चालवत नेलं. पुढं संयोगिता, मागं डोक्यावर बॅग घेतलेली मावशी. चिमणाबाईच्या दारापाशी मावशी थांबली आणि नातीला म्हणाली, चिमणाबाईच्या पाया पड, परगावी निघालीस. संयोगिता वाकली. चिमणाबाईचा हात मध्येच अडखळला, पण समोर वाकलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही एवढी हिंमत तिच्यात नव्हती. तिनं हात ठेवला. तोंडातून सवयीनं आशीर्वादही गेला, चांगली शीक म्हणून.

मावशी पोरीला गाडीत बसवून परतली तोवर पाहुणे आले होते. हंबीरराव, त्यांची बायको आणि अमरसिंह सतरंजीवर बसले होते आणि गणपतराव त्यांना पाण्याचे पेले देत उगाच पावसाचं बोलत होता. मला पोहे करायला बोलावलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मावशी घाम पुसत आली, सगळ्यांना रामराम केला, हंबीररावांच्या घरच्यांची चौकशी केली, ऊस कसा आहे विचारलं. बोलण्यात कुठं वाकडेपणा नाही. हंबीररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, पोर दिसत न्हाय ती?

"पुण्याला गेली, शिकायला."

हंबीररावांनी गणपतरावाकडं पाहिलं. गणपतरावानं सतरंजीकडं पाहिलं. मग त्यांनी मावशीला विचारलं, माघारी कधी येणार?

"ते तिलाच इचारा की. जावा पुण्याला, बघून या," मावशी म्हणाली. "पर एक ध्यानात असू द्या, पावणं. तिकडनं ताप घिऊन आला तर सात दिवस घरात बसायला लागतंय. आमी बसलो. तुमाला जमंल का तेवढं बघा."